मिरीचा वास आणि सपाट रेघ

शिराझ द्राक्षाच्या रेड वाइनचा गॅस क्रोमॅटोग्राम समोर आला की नवख्याची नजर डावीकडच्या एका सुळक्यावर खिळते. तो इथेनॉलचा, म्हणजे आपण ज्याला नुसतं अल्कोहोल म्हणतो त्याचा. तो इतका उंच जातो की बहुतेकदा कागदाची वरची कड त्याला कापून टाकते. त्याच्या उजवीकडे आयसोअमाइल अल्कोहोलचं ठसठशीत शिखर, फळांच्या वासाच्या एस्टरांची रांग, आणखी पुढे गुलाबाची आठवण करून देणारं फिनाइलइथेनॉल. ही बहुतेक यीस्टची करामत. मग रेघ तळाशी बसते आणि अधूनमधून जेमतेम थरथरते. जाणकार पिणारा चांगल्या शिराझला ज्यावरून ओळखतो तो काळ्या मिरीचा वास या थरथरीत कुठेतरी आहे, पण डोळ्यांना तो सापडत नाही.

क्रोमॅटोग्रामचं रसग्रहण इथूनच सुरू करावं असं मला वाटतं. या आलेखात मोठेपणा फसवतो. शिखर मोठं असेल तर तो पदार्थ भरपूर होता एवढं कळतं. त्याचं महत्त्व कळत नाही. त्यासाठी शिखराची जागा पाहावी लागते, त्याचे शेजारी पाहावे लागतात, आणि पुष्कळदा आलेखाबाहेरचा एखादा साक्षीदार बोलवावा लागतो.

आधी आलेख कसा उमटतो ते पाहू. सिरिंजने वाइनचा एक मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही लहानसा अंश, तापलेल्या इंजेक्शन पोर्टमध्ये सोडला की त्याची क्षणात वाफ होते. हेलियम किंवा हायड्रोजनचा प्रवाह ती वाफ कॉलममध्ये ढकलतो. कॉलम म्हणजे केसासारखी बारीक काचेची नळी: लांबी सहसा ३० मीटर, आतला व्यास पाव मिलिमीटर, आतल्या भिंतीवर मायक्रॉनच्या पाव भागाएवढा चिकट द्रवाचा लेप. बाहेरून तपकिरी लेप दिलेली ही नळी वेटोळं करून एका छोट्या ओव्हनमध्ये टांगलेली असते आणि ओव्हनचं तापमान मिनिटामिनिटाला वाढत जातं. ज्या रेणूला लेप आवडतो तो त्यात रेंगाळतो. ज्याला आवडत नाही तो वायूबरोबर पुढे निघतो. तुळशीबागेत एकदम शिरलेल्या घोळक्याचं जे होतं तेच इथे होतं: कुणी प्रत्येक दुकानापाशी थांबतो, कुणी सरळ चालत सुटतो, आणि पलीकडच्या तोंडाशी सगळे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. कोण किती मिनिटांनी बाहेर आला ते आडव्या अक्षावर, आणि किती आला ते उभ्या.

बाहेर पडणाऱ्याची मोजदाद बहुधा हायड्रोजनची एक लहानशी ज्योत करते. तिच्यात कार्बनी पदार्थ जळला की विद्युतभारित कण तयार होतात आणि त्यांचा अतिसूक्ष्म प्रवाह मोजला जातो. या ज्योतीची एक खोड रसिकाने ध्यानात ठेवावी. तिला पाणी दिसत नाही. वाइनचा आठ-दशांशाहून जास्त भाग पाणी असतो, आणि या आलेखात त्याचा मागमूसही नाही. प्याल्यातला पहिल्या क्रमांकाचा पदार्थ गायब आणि दुसऱ्या क्रमांकाचा आभाळाला भिडलेला. आलेखाला वाइनचं छायाचित्र समजणाऱ्याची पहिली शिकवणी इथेच होते.

शिखरांच्या आकारातही वाचण्यासारखं बरंच असतं. कसलेला विश्लेषक आकडे पाहण्याआधी आकार पाहतो. चांगलं शिखर दोन्ही बाजूंनी सारखं उतरतं. उजव्या बाजूला शेपूट फुटली असेल तर कॉलममध्ये कुठेतरी तो पदार्थ अडकत-सुटत आला आहे. कॉलम जुना झाला आहे किंवा पोर्टमधली काच मळली आहे. डावीकडचा उतार लांबट आणि उजवीकडचा कडा तुटलेला असेल तर माल जास्त घातला गेला आहे. दोन शिखरं खांद्याला खांदा लावून उभी असतील तर मधल्या दरीची खोली पाहायची. दरी तळापर्यंत पोचत नसेल तर खाली छापलेले आकडे कितीही दशांश स्थळांपर्यंत असोत, त्यांवर फार विसंबू नये.

क्रोमॅटोग्राफीच्या या घराण्याचा मूळ पुरुष रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत. खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क उतरवून त्याने हिरवे-पिवळे पट्टे वेगळे केले, आणि त्याविषयी १९०३ मध्ये वॉर्सात व्याख्यान दिलं. त्याला डिटेक्टर लागला नाही, डोळे पुरले. द्रवाऐवजी वायू वापरून हेच करता येईल, ही सूचना १९४१ मध्ये आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज या दोघांनी इंग्लंडमधल्या लीड्सच्या लोकर-संशोधन संस्थेत काम करत असताना एका निबंधात करून ठेवली. दहा वर्षं ती कुणी उचलली नाही. शेवटी मार्टिननेच अँथनी जेम्स या सहकाऱ्याला घेऊन लंडनच्या मिल हिलमधल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ती खरी करून दाखवली. निबंध १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मार्टिन आणि सिंज यांना आधीच्या कामासाठी नोबेल मिळालं.

१९५२ च्या त्या आलेखात शिखरं नाहीत, पायऱ्या आहेत. जेम्स आणि मार्टिन यांनी वेगळी केली ती बाष्पशील मेदाम्लं: सर्वांत लहान फॉर्मिक आम्लापासून बारा कार्बनांच्या आम्लापर्यंत. खवट लोण्याच्या वासाचं ब्युटिरिक आणि शेळीच्या अंगाच्या वासाची कॅप्रोइक, कॅप्रिलिक यांच्यामध्येच आली. कॉलममधून बाहेर पडणारं आम्ल एका द्रावणात शिरायचं आणि स्वयंचलित ब्युरेट ते उदासीन करायला लागेल तेवढा अल्कली सोडायची. किती अल्कली लागला याची रेघ उमटायची. आम्ल येत नसेल तेव्हा रेघ आडवी, आलं की वर चढलेली, मग पुन्हा आडवी. पायरीची उंची म्हणजे थेट आम्लाचं प्रमाण. पुढे शिखरांची पद्धत रूढ झाली आणि तिच्यात प्रमाण उंचीतून निघून क्षेत्रफळात गेलं. अरुंद उंच शिखर आणि बुटकं पसरट शिखर सारख्याच मालाची असू शकतात, आणि डोळा दरवेळी उंचाला मान देतो. मला त्या पायऱ्या अधिक सरळमार्गी वाटतात, पण त्या मागे पडल्या याचं दुःख नाही. शेजारशेजारची दोन आम्लं पायऱ्यांमध्ये ओळखणं कठीण, शिखरांमध्ये सोपं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मार्सेल गोले यांनी भुकटी भरलेल्या जाड नळीऐवजी आतून लेप दिलेली पोकळ केशनळी आणली आणि शिखरं सुईसारखी झाली. जिथे आधी एक टेकाड दिसायचं तिथे दहा सुळके उभे राहिले.

आता परत शिराझकडे. ऑस्ट्रेलियात ही द्राक्षं मोठ्या प्रमाणावर पिकतात, आणि काही मळ्यांची वाइन मिरीने घमघमते, काहींची नाही. का? ॲडलेडमधल्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने हा प्रश्न हाती घेतला. पहिला प्रयत्न आजच्या काळाला साजेसा होता. वेगवेगळ्या मळ्यांतल्या द्राक्षांचे क्रोमॅटोग्राम काढले, वास घेणाऱ्या प्रशिक्षित मंडळींकडून त्याच द्राक्षांना मिरीच्या वासाचे गुण देववले, आणि कोणतं शिखर गुणांबरोबर वर-खाली होतं ते संख्याशास्त्राला विचारलं. उत्तर आलं: अल्फा-यलँजीन. २००७ मध्ये तसा निबंधही निघाला. जिथे मिरी जास्त तिथे यलँजीन जास्त, हे खरं होतं. पण यलँजीनला मिरीचा वास नाही. ते मिरीच्या वासाचं सोबती निघालं, वास नव्हे. निबंधकर्त्यांनी ते केवळ खूण म्हणून मांडलं. मला हा निबंध पुढच्यापेक्षा कमी मोलाचा वाटत नाही. दिसणाऱ्या शिखरांपैकी सर्वांत जवळचं शिखर निवडायला सांगितलं तर संख्याशास्त्र तेच निवडणार. उत्तर न दिसणाऱ्यांत असेल याची तरतूद त्या प्रश्नातच नव्हती.

दुसऱ्या प्रयत्नात त्यांनी नाकाला बसवलं. ही युक्ती जुनीच आहे. कॉलमच्या टोकाशी प्रवाह दोन वाटांनी फोडायचा: अर्धा डिटेक्टरकडे, अर्धा काचेच्या एका नरसाळ्याकडे. नरसाळ्याशी माणूस नाक लावून बसतो. नाक कोरडं पडू नये म्हणून त्या वायूत दमट हवा मिसळलेली असते. अर्धा तास हलायचं नाही, बोलायचं ते फक्त वासांची नावं आणि ती ऐकू येतील अशी: गवत, मध, उकडलेला बटाटा, जळकं रबर. प्रत्येक नावाची वेळ टिपली जाते. हा माणूस आलेखाचा दुसरा पाठ तयार करत असतो, आणि दोन पाठ शेजारी ठेवले की गंमत सुरू होते. उंच शिखरापाशी नाक गप्प बसतं. रेघ मेल्यासारखी पडलेली असते तिथे नाक दचकतं. त्याच संस्थेतल्या क्लॉडिया वुड आणि सहकाऱ्यांच्या नाकांना अशाच एका उशिराच्या, ओसाड दिसणाऱ्या जागी मिरी भेटली.

पण वास भेटणं वेगळं आणि रेणूची ओळख पटणं वेगळं. ओळख पटवायला मास स्पेक्ट्रोमीटरला थोडा तरी माल लागतो, आणि वाइनमध्ये तो नव्हताच म्हटलं तरी चालेल. हाच वास जिथे ओतप्रोत आहे तिथे त्यांनी पाहिलं, म्हणजे खऱ्या मिरीत. मिरी हजारो वर्षं व्यापारात आहे, तिच्यातल्या तिखटपणाचं मूळ असलेलं पायपरीन १८१९ मध्येच वेगळं केलं गेलं होतं, पण पायपरीन जिभेला झोंबतं, नाकापर्यंत येत नाही. मिरीचा वास कशाचा, याचं नेमकं उत्तर तोवर कुणाकडे नव्हतं. २००८ च्या निबंधाने ते दिलं. रेणूचं नाव रोटुंडोन. पंधरा कार्बनांचा, एका ऑक्सिजनचा. खूप मिरमिरीत वाइनमध्ये जेवढा असतो त्याच्या सुमारे १०,००० पट तो मिरीत आहे. वाइनमधला वास मिरीपर्यंत जाऊन पोचला आणि मिरीलाही स्वतःची ओळख मिळाली.

पुणेकर वाचकाने इथे जरा थांबावं. रोटुंडोन हा रेणू पहिल्यांदा वेगळा करून त्याची रचना सांगणारा निबंध १९६७ चा आहे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला. कपाडिया, नाईक, वाडिया आणि सुख देव यांचा. त्यांनी तो काढला नागरमोथ्यातून. शेतकरी ज्या लव्हाळ्याला शिव्या घालत खणून काढतो त्याच्या गाठी म्हणजे नागरमोथा, आणि दिवाळीच्या पहाटे उटण्याला जो गंभीर, मातकट सुवास येतो त्यात या गाठींचा वाटा असतो. रेणूचं नावही लव्हाळ्याच्या शास्त्रीय नावावरून पडलं. चाळीस वर्षं तो सेस्क्विटर्पीनांच्या लांबलचक यादीत एक नोंद म्हणून पडून होता. ॲडलेडच्या मंडळींनी आपल्या निबंधाच्या शीर्षकात त्याला अप्रसिद्ध म्हटलं ते रास्तच आहे. आपल्याकडे नाशिकच्या बाजूलाही शिराझ होते. थंड हवेत पिकलेल्या द्राक्षात रोटुंडोन जास्त उतरतं, हे पुढे दिसून आलं. तेव्हा आपल्या उन्हात मिरी शोधणाऱ्याने अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात.

आता आकडे. रेड वाइनमध्ये लिटरला १६ नॅनोग्रॅम रोटुंडोन असलं की ते जाणवायला लागतं. पाण्यात ८ पुरे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. साधारण १४ टक्क्यांच्या वाइनमध्ये लिटरला ११० ग्रॅम इथेनॉल असतं. म्हणजे त्या डावीकडच्या सुळक्याचा माल मिरीच्या मालाच्या जवळपास ७०० कोटी पट. दोघांना एकाच कागदावर एकाच मापाने काढणं अशक्य आहे. म्हणून वासाच्या अभ्यासकांनी दुसरं माप काढलं: पदार्थाचं प्रमाण भागिले तो जाणवायला लागणारं किमान प्रमाण. या मापाने मिरीतल्या रोटुंडोनचा आकडा ५०,००० ते २,५०,००० च्या घरात जातो, आणि मिरीत तोवर सापडलेल्या कुठल्याही गंधद्रव्याला त्याची बरोबरी साधत नाही. या मापाने क्रोमॅटोग्राम पुन्हा काढला तर सपाट जागीही शिखर उभं राहील.

आणि तरी नाकाचा शब्द अखेरचा मानू नये, हेही २००८ च्या त्याच निबंधात आहे. वास घेणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांना रोटुंडोन मुळीच जाणवलं नाही. साध्या पाण्यात लिटरला ४,००० नॅनोग्रॅम घातलं, इतरांना लागतं त्याच्या ५०० पट, तरी नाही. इतर वासांना ही नाकं ठणठणीत होती. नरसाळ्याशी त्या दिवशी यांच्यापैकीच एखादा एकटा बसला असता, तर त्याचा पाठही डिटेक्टरच्या पाठाइतकाच कोरा राहिला असता. एकाच बाटलीतून ओतलेल्या दोन प्याल्यांवर दोन मित्र वाद घालत असतील, एकाला मिरी लागते आणि दुसरा त्याला शिष्ट म्हणतो, तर दोघेही खरं बोलत असण्याची शक्यता आहे. वाइनच्या वर्णनांची टिंगल करणाऱ्यांत मीही मोडतो. हा आकडा वाचल्यापासून जरा जपून करतो.

रक्तातलं अल्कोहोल मोजायला काढलेला क्रोमॅटोग्राम हा अगदी वेगळ्या प्रकृतीचा मजकूर आहे. वाइनचा गजबजलेला, हा विरळ. तयार करतानाच यात संयम आहे: रक्त यंत्रात घालतच नाहीत. बुच घट्ट बसवलेल्या लहान बाटलीत रक्त घेऊन ती साधारण ६० अंशांना तापवायची, रक्तातलं अल्कोहोल वरच्या हवेत ठरावीक प्रमाणात उतरतं, आणि ती हवा तेवढी कॉलमकडे पाठवायची. पाच-सहा शिखरं, काही मिनिटांत खेळ संपला. मिथेनॉल आधी, मग इथेनॉल. ॲसिटोनचं बुटकं शिखर असेल तर मधुमेह हाताबाहेर गेलेला किंवा बराच उपाशी माणूस आठवावा. असा रुग्ण बरळतो, झोकांड्या खातो, रस्त्यावर त्याला दारुडा ठरवायला वेळ लागत नाही. इथेनॉलच्या जागी सपाट रेघ आणि ॲसिटोनच्या जागी शिखर, एवढ्यावर त्याची सुटका होते.

रक्ताच्या आलेखात एक शिखर मात्र विश्लेषकाने स्वतः घातलेलं असतं, एन-प्रोपॅनॉलचं. त्याचं प्रमाण माहीत असतं. इथेनॉल एकटं मोजत नाहीत, या सोबत्याशी त्याचं गुणोत्तर काढतात. म्हणजे हवा थोडी कमी-जास्त खेचली गेली तरी दोघांचं सारखंच नुकसान होतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. एवढ्या बारीक आकड्यावर कुणाचा परवाना जायचा असेल तर सोबत्याशिवाय बोलणं धोक्याचं. शिवाय ज्योतीला नावं कळत नाहीत, तिला फक्त वेळ कळते. म्हणून तोच नमुना दोन वेगळ्या लेपांच्या कॉलमांतून पाठवतात, आणि दोन्हीकडे इथेनॉलच्याच वेळी जे आलं तेच इथेनॉल.

प्रेताच्या रक्तात हा नेकीचा सोबतीही दगा देऊ शकतो. कुजताना जंतू इथेनॉल बनवतात आणि थोडं एन-प्रोपॅनॉलही. आपण घातलेल्या शिखरात मेलेल्याचं शिखर मिसळतं, गुणोत्तर बिघडतं आणि इथेनॉल खरं होतं त्यापेक्षा कमी दिसतं. सावध प्रयोगशाळा अशा वेळी टर्शरी ब्युटॅनॉल घालते आणि जोडीला डोळ्यातला द्रव मागवते, कारण जंतू तिथे उशिरा पोचतात. रक्तात इथेनॉल आणि डोळ्यात नाही, तर मेलेला माणूस प्यायला नव्हता असं समजायला जागा आहे.

सर्वांत अवघड वाचन मिथेनॉलच्या विषबाधेचं. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली, त्यामागे मिथेनॉल होतं. अशा रुग्णाच्या रक्तात मिथेनॉलचं शिखर दिसावं, आणि लवकर आला असेल तर दिसतंही. पण त्याच्या शेजारी इथेनॉलचंही उंच शिखर दिसलं तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, त्याने दोन्हींचं मिश्रण प्यायलं. दुसरा, रुग्णालयात डॉक्टरांनीच त्याला इथेनॉल दिलं, कारण यकृतातलं एन्झाइम मिथेनॉलपेक्षा इथेनॉलच्या मागे आधी लागतं आणि तेवढ्या वेळात मिथेनॉलचं विषात रूपांतर व्हायचं थांबतं. विष आणि उतारा अशी दोन शिखरं शेजारी उभी, आणि कोणतं कुणी ओतलं हे आलेखाला माहीत नाही. ते केसपेपरवरच्या वेळांत शोधायचं.

उशिरा आलेल्या रुग्णाचं तर त्याहून वाईट. दृष्टी अंधुक होऊ लागलेली असते, श्वास खोल आणि जलद, आणि आलेखात मिथेनॉल जवळजवळ नाही. ते संपलेलं असतं. त्याचं फॉर्मिक आम्ल झालेलं असतं, आणि डोळ्याच्या मज्जातंतूला मारणारं तेच. जेम्स आणि मार्टिन यांच्या ब्युरेटने हेच आम्ल अचूक पकडलं होतं, कारण तिला आम्ल दिसायचं. आजच्या ज्योतीला ते दिसत नाही. त्यातला एकुलता एक कार्बन ऑक्सिजनने आधीच इतका वेढलेला असतो की जळायला फारसं काही उरत नाही. त्याला दाखवायचं तर आधी त्याचं एस्टर करून घ्यावं लागतं, मग ते शिखर होऊन येतं. त्याला वेळ लागतो. शहाणे डॉक्टर तोवर थांबत नाहीत. रक्ताची आम्लता पाहून उतारा आणि डायलिसिस सुरू करतात, आणि क्रोमॅटोग्राम मागाहून फाइलला लागतो.